सात नंबरचे गुण

शिरूर तालुक्यात कुठेही कबड्डीची स्पर्धा असली, की गुणलेखकाच्या टेबलावर मी असतो. मी म्हणजे आनंदराव ढमढेरे, शाळेत पी.टी.चा मास्तर. तीस वर्षांत माझ्या वहीत एकदाही खाडाखोड झालेली नाही. पंचाच्या अंगावर धावून जाणारे गडी माझ्या टेबलाशी आले की मवाळ होतात आणि "गुरुजींनी लिवलंय म्हंजी लिवलंय" असे म्हणत माघारी जातात. हे मला आवडते. किती आवडते ते आमच्या पुतळाबाईला विचारा. ती म्हणते, तुमच्या शर्टाला इस्त्री कशाला हवी, कॉलर मुळातच ताठ असते.

दोन हजार तीन साली दौंडला भारताच्या रग्बी संघाचे शिबिर लागले होते. शिबिराचे प्रमुख मारुतराव. तरुणपणी फौजेत असताना ते हा खेळ शिकले आणि मग आयुष्यभर त्यांना दुसरे काही सुचले नाही. एके दिवशी ते माझ्या घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, माझ्याकडं खेळणारे बावीस हायत, पर नीट मोजणारा एकबी न्हाई."

रग्बी मी तोवर पाहिलेली नव्हती. त्यांनीच समजावली. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत धरून पळायचे आणि समोरच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. समोरच्यांनी पळणाऱ्याला कमरेत धरून पाडायचे. पाडायचे म्हटल्यावर मी मान डोलावली. म्हटले, हे तर आपलेच की! चढाई आणि पकड. कुणी चढाई केली, कुणी पकड केली, लिहून टाकायचे. मारुतराव पुढेही काहीतरी सांगत होते, पण माझे कळून झाले होते.

पुण्यात सिंगापूरच्या संघाशी सामना झाला. भारत तीन गुणांनी मागे आणि घड्याळात दोन मिनिटे उरलेली. आपला कप्तान सत्यजीत, दहा नंबरचा देखणा गडी, चेंडू घेऊन कोपऱ्यातून असा सुटला की समोरचे बघत राहिले. चेंडू टेकवला, पाच गुण, सामना आपला! मी पन्नाशीचा माणूस खुर्चीवर चढून नाचलो. शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्याचा चष्मा माझ्या खांद्यावर तुटला तरी तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी मारुतरावांनी सामन्याची व्हिडिओ कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि आवाज खाली आणला. "पुढच्या म्हैन्यात परदेशात स्पर्धा हाय. अठराच जण न्यायचेत. तुम्ही परत्येकाला धापैकी गुण द्या. खालचे चार घरी जातील. समदी पोरं माझ्या हाताखाली वाढलीत, माझा हात कचरतो. तुमचा न्हाई कचरायचा."

खरेच नाही कचरला. कॅसेट दोनदा पाहिली आणि तक्ता केला. चेंडू किती वेळा हातात आला, पकडी किती, गुण किती, चुका किती. सत्यजीतला नऊ दिले. सात नंबरच्या संपत कोळपेला तीन. ऐंशी मिनिटांत त्याच्या हातात चेंडू दोनदाच आला, त्यातला एकदा सुटला. पकडी फक्त चार. बावीस जणांत तो एकविसावा आला. बाविसावा जो होता, तो शेवटची पाचच मिनिटे मैदानात उतरला होता.

संपत आपल्याच तालुक्यातला, निमोण्याचा, धनगराचा पोरगा. दौंडला पोलिसात शिपाई. वय एकोणतीस. या खेळात त्या वयात एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. वाईट वाटले, नाही असे नाही. पण वही ती वही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एस.टी. स्टँडसमोरच्या बूथवरून तक्ता दौंडला फॅक्स केला आणि ताठ कॉलरने घरी आलो.

ओसरीवर एक म्हातारा बसलेला. डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी.

"मी म्हस्कू कोळपे. निमुण्याचा. संपतचा बाप," तो उठत म्हणाला. "बाजाराला आल्तो. आमच्या पोराच्या ख्येळाची क्याशेट तुमच्याकडं हाय म्हनं. टीवीवर काय दावला न्हाई. दावता का गुरुजी?"

चोराच्या मनात चांदणे म्हणतात तसे झाले. त्याच्या पोराचा निकाल तासाभरापूर्वी माझ्याच हाताने दौंडला गेला होता. तोंडाला येईल ते बोललो. व्हीसीआर तापतो, वीज जाते, मला शाळेत काम आहे. पुतळाबाई आत बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिने तिथूनच विचारले, "शनवारी दुपारची कंची शाळा वो?"

लावली कॅसेट. म्हस्कूआबा खुर्चीवर बसेनात. सतरंजीवर, दाण्यांच्या टोपलीशेजारी मांडी घालून बसले. मी पुढे होऊन समजावू लागलो: चेंडू आता याच्याकडे, आता त्याच्याकडे. बघतो तर आबांची नजर भलतीकडेच.

"आबा, चेंडू तिकडं गेला. तुम्ही कुठं बघताय?"

"चेंडूला काय बघायचं? त्यो काय ख्येळतोय व्हय?"

मला राग आला. मास्तरला असे उत्तर दिले की येतोच. आबांना तो कळलाही नसावा. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "मी जल्मभर मेंढरं वळली, गुरुजी. धा वर्सं झाली इकून, आता कांदा आन् ऊस. पर सवय जात न्हाई. म्होरलं मेंढरू कुनी राखत न्हाई. त्ये आपसूक दिसतंय. राखायचं त्ये कडंचं आन् मागलं. लांडगा काय म्होरून येतो व्हय?"

हळूहळू त्यांनी, बदली उतरलेल्यांसकट, आपल्या बावीसही गड्यांना नावे ठेवली. मेंढ्यांना ठेवतात तशी, अंगावरच्या खुणेवरून. एक टकल्या, एक लांबकान्या, एक तांबड्या मोज्याचा. आठ नंबरच्या आडमाप पोराला 'एडका' म्हणाले. आणि माझ्या नऊ गुणांच्या सत्यजीतला 'बुजरा'.

"आबा, कप्तान आहे तो!"

"आसंल की. पर बुजरा हाय. दाटी झाली की कडंला सरतो, मोकळं रान दिसलं की म्होरं. पळतो मातुर झ्याक."

सामना संपला. सत्यजीतने चेंडू टेकवला तेव्हा मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पुतळाबाई ओरडली, "अवो आबा, बियाण्याचं दाणं हायत त्ये!"

सतरंजीवर दाण्यांचे ढीग. दोन ओळींत मांडलेले, काही मोठे, काही चारपाच दाण्यांचे. सगळा वेळ म्हातारा खाली न बघता एका हाताने टोपलीतले दाणे उचलून मांडत होता आणि मला वाटत होते तो खातोय.

"एकबी खाल्ला न्हाई, बाई," आबा शरमून म्हणाले. "मोजीत हुतो. मला ख्येळ कळत न्हाई. पर येवढं दिसलं, मानूस पडला की त्याला चेंडू सोडावा लागतो. मग दोन्हीकडची मानसं त्या चेंडूवर यून एकामेकाला रेटत्यात. ज्यांची आदी आली आन् टिकली, चेंडू त्यांचा. तर जो यून रेटतो, त्याचा एक दाना."

"हा ढीग कुणाचा?" मी विचारले.

"संपतचा. दोन इसा आन् एक."

दोन वीस आणि एक. एकेचाळीस.

माझे डोके फिरले. "आबा, त्याला गुण नसतात! तीस वर्षं मी हे काम करतोय. पकड ज्यानं केली त्याच्या नावावर लागते. मागून चारजण येऊन पडले तर त्यांना कुणी लिहीत नाही!"

पुतळाबाईने हातातली शेंग खाली ठेवली. "न्हाई ना लिवत. तुमच्या वहीत जो पयला पाय धरतो त्याचंच नाव. मागनं साखळी करून चढाईवाल्याला रेषेपातूर जाऊ न देनारं कंदी लिवलेत का तुम्ही?"

"कबड्डीत तसंच असतं!"

"मग ही कबड्डी हाय का?"

मी तिच्याकडे बघितले, ढिगांकडे बघितले. मारुतराव त्या दिवशी जे पुढचे सांगत होते आणि मी ऐकले नव्हते, ते काय असावे हे मला आता कळले. आबांना म्हटले, तुम्ही आता बाजार उरका. ते गेल्यावर कॅसेट पहिल्यापासून लावली. या वेळी चेंडू सोडला आणि फक्त सात नंबरवर डोळा ठेवला. मागे घे, पुढे घे, थांबव. व्हीसीआर इतका तापला की पुतळाबाईने त्याच्यासमोर पंखा आणून लावला.

काय बघितले सांगू? तो माणूस ऐंशी मिनिटे दुसऱ्यांसाठी पळत होता. आपला गडी पडला की हा त्याच्यावर पाय रोवून उभा, समोरचे दोघे अंगावर घेतलेले. चेंडू निघाला की हा चिखलातून उठून पुढच्या ढिगाकडे. भुवई फुटली, पट्टी बांधली, परत आत. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू सात वेळा जमिनीवर आला आणि सातापैकी पाच वेळा त्याच्यावर सगळ्यात आधी पोचला तो संपत. त्या पाचांतला एक जरी हुकला असता, तरी सत्यजीतच्या हातात चेंडू आलाच नसता. मी खुर्चीवर नाचलो तो ज्याच्या जिवावर, त्याला मी तीन गुण देऊन घरी पाठवत होतो. लाज वाटली. मास्तरकीत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी कागदावरच्या रेघा मोजल्या. एकेचाळीस. सतरंजीवरचे दाणे मोजले. एकेचाळीस. मी चार तास घासून जे काढले, ते म्हाताऱ्याने एका बैठकीत, खाली न बघता काढले होते. बाकीचे ढीग मोजायला वाकलो, तोवर पुतळाबाईने ते टोपलीत लोटलेसुद्धा. तिला बियाणे हवे होते.

बूथवरून दौंडला फोन लावला. मारुतराव पुण्याला गेलेले. पलीकडचा पोरगा म्हणाला, "यादी बोर्डावर लावलीय गुरुजी. उद्या अकराला मीटिंग, मंग फायनल."

रविवारी सकाळी पुतण्याची जीप काढली आणि निमोण्यात जाऊन आबांना उचलले. "माझं काय काम तितं?" ते म्हणत होते. मी म्हटले, काम तुमचेच आहे, मी नुसता पोचवणारा. जीप पुतण्या चालवत होता, मी वाटेत मांडीवर कागद ठेवून नवा तक्ता केला. संपतला सगळ्यात वर घातला, दहापैकी दहा. सत्यजीतला खाली आणला. बाकीचे अंदाजाने इकडेतिकडे केले. भीमा ओलांडली तेव्हा माझा तक्ता तयार होता आणि कॉलर पुन्हा थोडी ताठ झाली होती.

शिबिराच्या हॉलबाहेर पायरीवर एक लोखंडी ट्रंक दिसली. तिच्यावर संपत बसला होता, भुवईला टाके, हातात बूट. बापाला बघून दचकून उठला. "आबा, तुम्ही? कोन आजारी हाय का घरी?" मग माझ्याकडे बघून मान खाली घातली. "गुरुजी, यादी बघितली मी. तुमच्या वहीत चूक नसती. मी बांधाबांध केलीया."

"ट्रंक आत घे," मी ओरडलो. प्रेमाने बोलायला गेलो की माझा आवाज ओरडल्यासारखा येतो.

आत बाकीचे गडी, मारुतराव आणि एक रंगीत टीव्ही. मी सरळ बोर्डाकडे गेलो, माझ्याच सहीची यादी काढली आणि सगळ्यांदेखत फाडली.

"गुरुजी!" मारुतराव उभे राहिले. "ह्ये काय?"

"माझा तक्ता चुकला."

"कुठं चुकला?"

"सगळाच चुकला. मी रग्बीला कबड्डीचे गुण लावले. पहिला हात लावणारा लिहिला आणि मागून जीव काढणारे सगळे सोडले. तीस वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड नव्हती, आज आहे. मोठी आहे. आता टीव्ही लावा आणि या माणसाचं ऐका."

शेवटची दोन मिनिटे लावली. आबांना पुढे बसवले. आधी ते लाजले, मग खेळ सुरू झाला आणि लाज विसरले. "ह्यो पडला. आता बघा कोन येतो. लांबकान्या आला. मागनं संपत. आता एडका. रेटला. चेंडू निगाला." पोरांना कोण लांबकान्या ते लगेच कळले. टकल्या, तांबड्या मोज्याचा, एकेक नाव येईल तसा हॉल हसून फुटायला लागला. "आन् ह्यो कडंला हुबा हाय, त्यो बुजरा."

 सगळे सत्यजीतकडे बघू लागले. त्याचे कान लाल झाले. मला वाटले, आता हा उठून जातो. तो उठला, पण टीव्हीजवळ गेला आणि स्वतःकडे बोट दाखवले.

"आबा, खरं हाय. ह्या दाटीत मी शिरत न्हाई, भ्या वाटतं. संपतभाऊ हाय म्हनून मला शिरावं लागत न्हाई." मग मारुतरावांकडे वळला. "सर, माझे नऊ गुण असतील, तर त्यातले पाच ह्यांचे हायत."

काय आरडाओरडा झाला! कुणी बाक वाजवतोय, कुणी शिट्ट्या मारतोय. आठ नंबरच्या पोराने संपतला ट्रंकेसकट उचलले. मारुतराव फौजी माणूस, पण डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते. मला तर पुण्यातल्यापेक्षा जास्त आनंद झाला. खिशातला नवा तक्ता काढला, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले: पहिला, संपत कोळपे, निमोणे.

"गुरुजी, पुसा त्ये," आबा म्हणाले.

 मला वाटले, म्हाताऱ्याला संकोच झाला. "आबा, असू द्या. हक्काचं आहे त्याच्या."

"न्हाई. पयला ह्यो एडका. दोन इसा आन् सात. दुसरा दोन नंबरचा टकल्या, दोन इसा आन् तीन. माझा तिसरा. तुम्ही एकदा चुकला आसाल, दुसऱ्यांदा कशाला चुकता?"

मी खडू धरून उभा. चार तास एकट्या संपतवर डोळा ठेवला, बाकीचे ढीग मोजलेच नव्हते. पश्चात्तापाच्या भरात मी पुन्हा एकालाच बघितले होते, आणि ज्याचे पोर होते त्याने मात्र बावीसही जणांना सारखे बघितले होते. मी पुसले. आठ नंबर, दोन नंबर, मग संपत. आबा एकेक आकडा सांगत गेले, मी मुकाट्याने लिहीत गेलो. अठरा नावे झाली तेव्हा मारुतरावांनी फळ्याखाली सही केली.

"आबा," मारुतराव म्हणाले, "तिसरा का बरं? त्याला आनि दोन गाठता आले नसते का?"

"आलं आसतं," आबा म्हणाले. "दुसऱ्या डावात त्या झाडाकडच्या कोपऱ्यात दोनदा त्यो रेटायला न जाता हुबा ऱ्हायला. गुडघ्यावर हात ठिवून. कुनाला दिसलं न्हाई, पर हुबा ऱ्हायला."

सगळे संपतकडे वळले. बारा वर्षे खेळला, पेपरात कधी नाव नाही, गुणलेखकाला दिसला नाही. आणि ऐंशी मिनिटांत तो दोनदा थांबला, ते याच्या बापाला दिसले होते.

"व्हय सर," संपत म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता आणि तो हसतही होता. "थांबलो हुतो. दम तुटला हुता."

तो पुढे आला आणि बापाच्या पाया पडला. आबांनी त्याच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, जखम भरलीय का ते बघितले आणि म्हणाले, "परदेशात थांबू नगंस."